दोन जुन्या फ्रेममधून उंच सायकल : ठाण्यातल्या नवशिक्यांसाठी

एका फ्रेमवर दुसरी फ्रेम चढवून वेल्ड केली की होते ती उंच सायकल. चाकं नेहमीचीच राहतात, पायडल मांडीच्या उंचीला येतात आणि सीट जवळजवळ छातीला. ती बनवायला लागणारं सगळं ठाण्यात मिळतं. शिळफाटा-डायघरच्या भंगार गोदामांत जुन्या फ्रेम पडलेल्या असतात, वागळे इस्टेटमध्ये फॅब्रिकेशनची दुकानं आहेत, आणि छर्रे, ग्रीस, चेन कोणत्याही सायकलवाल्याकडे. ज्याने घरी पंक्चर काढलंय, चेन बसवलीय, पण वेल्डिंगचं होल्डर कधी हातात धरलेलं नाही, अशा माणसाला समोर ठेवून मी हे लिहितोय. वेल्डिंग जाणत्या हाताकडून करून घ्या. मापं, जुळवणी आणि तपासणी मात्र स्वतः करा, कारण वर तुम्ही बसणार आहात.

सगळे आधी विचारतात, "किती उंच करू?" त्याच्या आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे : बसल्यावर माझं वजन पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्ये नेमकं कुठे येणार? सायकलीतली सीटची नळी मागे झुकलेली असते. त्याच रेषेत वर दुसरी फ्रेम ठेवली की सीट जितकी वर जाते, तितकी मागेही सरकते. दोन मोठ्या फ्रेम एकावर एक ठेवल्या, तर बसणारा थेट मागच्या ॲक्सलच्या डोक्यावर येतो. मग चढाला जोर लावला की पुढचं चाक जमीन सोडतं. उंच सायकल पडते त्यातली पुष्कळशी कारणं उंचीत नसून या मागे गेलेल्या वजनात असतात. इथून पुढचा प्रत्येक निर्णय हे ध्यानात ठेवून घ्यायचा आहे.

फ्रेम निवडताना

खाली मोठी रेंजर सायकल, २६ इंची चाकांची, लोखंडी फ्रेमची. वर लहान मुलांची २० इंची सायकल, तीही लोखंडी. पहिल्यांदा करणाऱ्याला मी दुसरी कुठलीच जोडी सुचवणार नाही.

वरची फ्रेम लहान घेतली की दोन कामं एकदम होतात. उंची आटोक्यात राहते. सीट जमिनीपासून साधारण १२५ ते १३० सेंटीमीटरवर येते. आणि लहान फ्रेमची आडवी दांडी आखूड असल्यामुळे तिचं हेड (पुढचं चाक धरणारा चिमटा जिच्यातून फिरतो ती नळी) खालच्या हेडच्या रेषेत आणलं, की तिचं पायडलचं घर (पायडलचा ॲक्सल जिच्यात फिरतो ती आडवी नळी) खालच्या सीटच्या नळीच्या चांगलं १० सेंटीमीटर पुढे, खालच्या दांडीवर येतं. म्हणजे तुम्हीही तितकेच पुढे आलात.

दूधवाल्याची काळी सायकल मोहात पाडते, फ्रेमही दणकट असते. पण तिचे दांडीचे ब्रेक उंच सायकलीला जोडता येत नाहीत, आणि तिची गोलसर रिम केबलच्या ब्रेकला नीट पकड देत नाही. रेंजरच्या रिमला बाजूने सपाट भिंत असते आणि बहुतेकांच्या चिमट्यावर व्ही-ब्रेकचे (केबलने रिमला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या ब्रेकचे) खुंटे आधीच असतात. ब्रेकसाठी म्हणून तरी रेंजरच घ्या.

भंगारात जाताना खिशात लोहचुंबक ठेवा. चिकटला नाही तर फ्रेम ॲल्युमिनिअमची आहे, ती सोडून द्या. लोखंडाला ॲल्युमिनिअम वेल्ड होत नाही. मग फ्रेम उलटी करून पायडलच्या घरात बोट घाला. पावसाचं पाणी तिथे साचतं आणि नळी आतून खाते. बोटाला गंजाचे पापुद्रे लागले, किंवा नळीवर पान्ह्याने टकटक केल्यावर आवाज बद्द आला, तर दुसरी फ्रेम बघा. दोन्ही सायकलींचे पुढचे चिमटेही मागून घ्या, ते पुढे लागणार आहेत.

मांडणी आणि सूत

दोन्ही फ्रेम पूर्ण मोकळ्या करा. छर्रे, वाट्या, ॲक्सल, सगळं बाहेर. वेल्डिंगच्या उष्णतेत छर्ऱ्यांचं पाणी उतरतं, ग्रीस जळतं. वरच्या फ्रेमच्या मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्या कापून टाका. जिथे जोड येणार तिथला रंग दोन-तीन सेंटीमीटरपर्यंत खरवडून पांढरं लोखंड दिसू द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम. दोन्ही हेड एका सुतात असली पाहिजेत. डोळ्याने हे जमत नाही. एक सरळ, जाड सळई घ्या. तिच्यावर टेप गुंडाळून ती हेडमध्ये घट्ट बसेल इतकी जाड करा आणि खालच्या हेडमधून घालून वर काढा. वरच्या फ्रेमचं हेड याच सळईत ओवा. आता दोन्ही हेड आपोआप एका रेषेत आली, आणि वरची फ्रेम फक्त त्या सळईभोवती फिरू शकते. खालच्या फ्रेमला मागचं चाक लावा, सायकल ओळंब्यात उभी करा, आणि वरच्या फ्रेमच्या सीटच्या नळीतून ओळंबा सोडा. ओळंबा मागच्या चाकाच्या मध्यावर आला की फ्रेम तिरकी नाही. एवढं होईपर्यंत वेल्डिंगवाल्याला मशीन चालू करू देऊ नका.

वरच्या फ्रेमचं पायडलचं घर खालच्या दांडीवर टेकेल तिथे एक आखूड नळी मध्ये द्यावी लागते. तिची दोन्ही तोंडं कानशीने घासून अशी गोलाईत आणा, की धरून उजेडाकडे बघितलं तर फट दिसू नये. फट वेल्डने भरता येते, पण तो जोड आधी तिथेच सुटतो.

वेल्डिंगवाल्यासमोर

दुकानदार पहिल्यांदा हसेल, मग रस घेईल. स्पष्ट सांगा : "काका, आज फक्त टाके मारून द्या. फुल वेल्डिंग मी तपासल्यावर." प्रत्येक जोडाला समोरासमोर दोन-तीन टाके, म्हणजे वेल्डचे छोटे ठिपके. थंड झाल्यावर सळई बाहेर काढून परत घाला. सहज गेली तर पुढे जा. अडली तर टाका कापून पुन्हा मांडा. टाका तोडायला ग्राइंडरला मिनिटही लागत नाही, पूर्ण वेल्ड तोडायला अख्खी दुपार जाते.

सायकलीची नळी पातळ असते, गेटची जाळी करायच्या सवयीने जाड रॉड आणि जास्त करंट लावला तर भोक पडतं. मिग मशीन (रॉडऐवजी बारीक तारेने वेल्ड करणारं) असेल तर उत्तम. साधी आर्क असेल तर बारीक रॉड आणि कमी करंट, आणि एका बाजूला थोडं, मग समोरच्या बाजूला थोडं, असं करत जायचं, म्हणजे उष्णतेने फ्रेम ओढली जात नाही. काम झाल्यावर घाईने पाणी ओतू देऊ नका, हवेवरच निवू द्या.

दोन गोष्टींवर ठाम राहा. जुन्या फ्रेमचे काही जोड पितळी डाग देऊन केलेले असतात; घासल्यावर पिवळा रंग दिसला की तिथे वेल्डिंग नको. पितळ वितळून पोलादाच्या कणांत शिरतं आणि जोड आतून तडकतो. दोन-तीन सेंटीमीटर बाजूला सरका. दुसरं, आधारासाठी दुकानात पडलेला पाण्याचा गॅल्व्हनाइज्ड पाइप घेऊ नका. त्यावरच्या जस्ताचा पांढरा धूर अंगात गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो. साधा काळा एमएस (माइल्ड स्टील) पाइप मागा. मुख्य नळ्यांना १ इंची, २ मिलिमीटर जाडीचा पुरतो.

आधार कुठे द्यायचे? दोन्ही हेडच्या मध्ये, दोन्ही बाजूंनी जाड पट्ट्या. वरच्या पायडलच्या घरापासून खालच्या सीटच्या नळीपर्यंत एक तिरका पाइप. आणि वरच्या सीटखालून निघून मागच्या ॲक्सलच्या दोन्ही टोकांपर्यंत पोचणारे दोन लांब पाइप. या शेवटच्या जोडीवर काटकसर करायची नाही. तुमचं सगळं वजन याच वाटेने मागच्या चाकापर्यंत उतरतं.

डाव्या बाजूला, खालच्या रिकाम्या पायडलच्या घराजवळ, जमिनीपासून साधारण ३५ सेंटीमीटरवर हाताच्या पंज्याएवढी पायरी लावून घ्या. तिच्यावर खरखरीत पट्टी चिकटवा. चढण्या-उतरण्याचं सगळं गणित या पायरीवर आहे.

लांब चिमटा

खालच्या चिमट्याची उभी नळी वरच्या हेडच्याही वर निघाली पाहिजे. खालच्या चिमट्याची आटे असलेली वरची बाजू कापा. लहान सायकलच्या चिमट्याची आट्यांची बाजू कापून घ्या, कारण वरच्या हेडच्या वाट्या आणि नट तिच्याच आट्यांना बसतात. या दोघांच्या मध्ये त्याच जाडीची नळी, साधारण २५ मिलिमीटरची. नुसतं तोंडाला तोंड लावून कधीच वेल्ड करू नका. प्रत्येक जोडाच्या आत घट्ट बसणारा भरीव गज घाला, दोन्ही बाजूंना निदान पाच-पाच सेंटीमीटर जाईल इतका. बाहेरच्या नळीला दोन-दोन भोकं पाडून त्यातूनही गजाला वेल्ड करून घ्या. मग वेल्डचा फुगवटा घासून सपाट करा, नाहीतर नळी हेडमधून जाणार नाही. वरच्या टोकाला गज येऊ देऊ नका, तिथे हँडलचा दांडा आत उतरायचा आहे.

छर्रे फक्त दोन ठिकाणी ठेवा : खालच्या हेडच्या तळाशी आणि वरच्या हेडच्या माथ्याशी. मधल्या दोन जागा रिकाम्या. चारही ठिकाणी छर्रे भरले तर सुतातला केसाएवढा फरकही हँडल जड करतो.

हा एक जोड असा आहे की तो सुटला तर सावरायला संधीच मिळत नाही. वेल्डिंगवाल्याच्या कामाबद्दल मनात किंचितही शंका असेल, तर हा भाग लेथवाल्याकडून एकाच नळीत बनवून घ्या.

चेन

लहान सायकलची ३६ दात्यांची चकती आणि मागे १८ दात्यांचं साधं फ्रीव्हील, ही जोडी चांगली. उंच सायकलीवर बसल्या-बसल्या लगेच पायडल मारावं लागतं, तिथे हलकी चाल हवी. चेनची लांबी अशी काढा : पायडलच्या ॲक्सलपासून मागच्या ॲक्सलपर्यंतचं अंतर इंचांत मोजा, त्याला ४ ने गुणा, दोन्हीकडच्या दात्यांच्या बेरजेचा निम्मा आकडा त्यात मिळवा, आणि वरचा सम आकडा घ्या. अंतर २४ इंच असेल तर ९६ अधिक २७, म्हणजे १२३, १२४ कड्या. एका चेनने भागत नाही. दोन सारख्या, बिनगिअरच्या जाड चेन घेऊन जोडा. गिअरची बारीक चेन या दात्यांना चालत नाही.

पूर्ण वेल्डिंगच्या आधी चेनच्या वाटेने सुतळी ताणून बघा. चेनची एक बाजू मागच्या तिरक्या नळीच्या पुढून जाते, दुसरी मागून, म्हणजे ती नळी चेनच्या मधोमध येते. सुतळी कुठे घासली तर तो आधार आत्ताच हलवता येतो. एवढी लांब चेन लोंबते आणि खड्ड्यात उतरते. खालच्या, सैल बाजूला जुन्या डिरेलरचा (गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागाचा) छोटा दातेरी रोलर लावला की ती ताणलेली राहते.

ब्रेक

दोन्ही चाकांना व्ही-ब्रेक, दोन्ही नवीन रबर, दोन्ही नवीन केबल. पुढच्या ब्रेकलाही मागच्या ब्रेकची लांब केबल लागते. हँडल पूर्ण डावीकडे-उजवीकडे फिरवून बघा, केबल ताणली जाता कामा नये. पायडल उलटं मारून लागणाऱ्या ब्रेकवर एकट्यावर विसंबू नका. लांब चेन उतरली की तो ब्रेकही गेला.

माणूस वर बसला की सायकल पुढच्या चाकावरून उलटायला कमी जोर पुरतो. म्हणून आधी मागचा ब्रेक, मग हलक्या हाताने पुढचा. पुढचा करकचून कधीच नाही.

रंग शक्यतो पांढरा किंवा पिवळा द्या. जोडाला बारीक चीर गेली की फिक्या रंगावर गंजाची रेघ लगेच उठून दिसते, काळ्यावर ती महिनोन्‌महिने लपते.

हे खूळ आलं कुठून

१८७० च्या दशकात इंग्लंडमध्ये भल्यामोठ्या पुढच्या चाकाच्या सायकली निघाल्या. तेव्हा चेन नव्हती, पायडल थेट चाकाला होते, त्यामुळे जितकं चाक मोठं तितकं एका फेरीत अंतर जास्त. १८८५ मध्ये जॉन केंप स्टार्ली याने चेनवर चालणारी, दोन्ही चाकं जवळपास सारखी असलेली रोव्हर सायकल आणली आणि उंच बसायची गरज संपली. म्हणजे आजची उंच सायकल ही पूर्णपणे हौसेची गोष्ट आहे. अमेरिकेत १९९० च्या दशकापासून भंगारातल्या फ्रेम वेल्ड करून अशा सायकली चालवणारे गट तयार झाले. २०१३ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये रिची ट्रिंबल याने ६.१५ मीटर उंच सायकल चालवून विक्रम केला, आणि तोही पुढे मोडला गेला. तुम्ही त्या वाटेला जाऊ नका. सव्वाचार फुटांवरून ठाणं पुरेसं वेगळं दिसतं.

आधी उतरायला शिका

बसण्याआधी सायकलीची परीक्षा घ्या. दोघा मित्रांना दोन्ही बाजूंनी सीटला लोंबकळायला सांगा. मग सायकल वीतभर उचलून चाकांवर आपटा. प्रत्येक जोडावरून नख फिरवा. काहीच हललं नाही तर मैदानात न्या.

वर्दळ नसलेलं, सपाट, टणक मैदान हवं. हेल्मेट, हातमोजे, बंद बूट. चप्पल घालून कुणालाही चढू देऊ नका, पायरीवरून तीच आधी निसटते.

पहिला पूर्ण दिवस सीटवर बसायचंच नाही. डावा पाय पायरीवर, दोन्ही हात हँडलवर, उजव्या पायाने जमीन मागे ढकलत स्कूटरसारखं जायचं. मग पायरीवर सरळ उभं राहायचं, ब्रेक हळू दाबायचा, उजवा पाय जमिनीवर टेकवून सायकलीबरोबर दोन पावलं चालायचं. हे अंगवळणी पडेपर्यंत पुढे जाऊ नका. तुम्हाला कुठेही थांबायचं झालं तर हीच एक वाट आहे. वरून जमिनीला पाय पोचत नाही.

दुसऱ्या टप्प्यात मित्राला मागून सीट धरायला सांगा. ढकलत भरभर चालण्याइतका वेग आला की पायरीवर उभं राहा आणि उजवा पाय मागून सीटवरून पलीकडे टाका. बसला की खाली बघू नका, वीस पावलं पुढे बघा, आणि लगेच पायडल मारा. वेग कमी असेल तरच डगमगते. बसल्यावर एक गोष्ट लगेच जाणवते : तोल सांभाळणं वाटलं होतं त्यापेक्षा सोपं आहे. तळहातावर पेन्सिल उभी राहत नाही, लांब काठी मात्र राहते, कारण उंच वस्तू सावकाश कलते आणि हाताला सावरायला वेळ मिळतो. तेच इथे होतं. अवघड आहे ते निघणं आणि थांबणं.

उतरताना डावं पायडल खाली आणा, वेग चालण्याइतका उतरू द्या, वजन डाव्या पायावर घ्या, उजवा पाय मागून फिरवून आणा, डावा पाय पायरीवर, उजवा जमिनीवर. आणि पडायचीच वेळ आली तर सायकल सोडून द्या. हँडल धरून ठेवणारा सायकलीखाली येतो. फ्रेम पुन्हा वेल्ड होते.

ठाण्याच्या रस्त्यांवर

सायकल मोटार वाहनात मोडत नाही, त्यामुळे आरटीओची नोंदणी किंवा लायसन्स लागत नाही. घंटी, पुढे दिवा, मागे लाल रिफ्लेक्टर मात्र लावाच. रविवारी सकाळी लवकर निघा. कोलशेत, कासारवडवलीच्या आतल्या रुंद रस्त्यांवर तेव्हा वर्दळ कमी असते. घोडबंदर रोडच्या मुख्य लेनवर अवजड गाड्या असतात, तिथे जाऊ नका. गायमुखकडे खाडीचा वारा आडवा लागतो आणि उंच बसलेल्याला तो जास्त ढकलतो. येऊरचा चढ चढायला ही सायकल नाही, आणि तिथून उतरायला तर नाहीच. सिग्नलला खांब किंवा दुभाजकाची रेलिंग डाव्या हाताने धरून थांबता येतं. तसं काही जवळ नसेल तर लांबूनच वेग कमी करून उतरा.

तुमचं डोकं आता सात फुटांच्या वर आहे. आजवर जे कधी दिसलं नाही ते चेहऱ्यासमोर येतं : केबलच्या लोंबणाऱ्या तारा, वडाच्या पारंब्या, दुकानांची पत्र्याची छतं, सोसायटीच्या गेटची कमान. नवा रस्ता आधी पायी किंवा साध्या सायकलीने बघून घ्या. सणांच्या दिवसांत हेच रस्ते बदलतात. दहीहंडीच्या आधी रस्त्यावर आडवे दोर येतात, गणपतीत मंडपाच्या कमानी आणि पताका. संक्रांतीच्या आसपास, जानेवारीचे पहिले तीन आठवडे, सायकल बाहेर काढूच नका. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी तो अजून विकला जातो, आणि झाडा-खांबांमध्ये अडकलेला मांजा नेमका तुमच्या गळ्याच्या उंचीला येतो.

पावसाळ्यात ओल्या रिमवर ब्रेकचं रबर घसरतं, पेव्हर ब्लॉकवर चाक सरकतं, आणि पाणी भरलेला खड्डा वरून सपाट दिसतो. जून ते सप्टेंबर सायकल आत ठेवा. ठेवण्याआधी सगळ्या नळ्यांच्या उघड्या तोंडांना रबरी बूच मारा, चेनला तेल पाजा. बाहेर काढाल तेव्हा चिमट्याच्या दोन्ही जोडांपासून तपासणी सुरू करा, मग हेडच्या पट्ट्या, मग मागच्या ॲक्सलपाशी उतरणारे दोन पाइप. रंगावर तपकिरी रेघ दिसली तर घासून बघा, आणि लोखंडात चीर सापडली तर वेल्डिंग होईपर्यंत कुणालाही वर बसू देऊ नका.